पगारासाठी नर्स झाले तर चालेल का?



दहावी-बारावीचे निकाल लागले की पॅरिश ऑफिसात दोन प्रकारची माणसे येतात. एक पेढे घेऊन येतात आणि दुसरी शिफारसपत्र मागायला. पेढेवाली पाच मिनिटांत जातात, शिफारसवाली बसतात. त्यांच्याशी बोलता बोलता लक्षात आले की आपल्या मुलांना कोणत्या वाटेला कोणते विषय लागतात हेसुद्धा नीट ठाऊक नसते. म्हणून आपण हॉलमध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवतो. यंदाचा विषय होता आरोग्यसेवेतील करिअर. आपल्याच धर्मग्रामातील दोन परिचारिका, एक फिजिओथेरपिस्ट आणि लॅबमध्ये काम करणारा एक तरुण बोलायला आले. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेने डोळे चोळत चोळत दीड तास मुलांना समजावले, त्याबद्दल तिचे जाहीर आभार.

माहिती उपयुक्त होती. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे आणि महाराष्ट्रात सीईटी द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचे, ते कोणत्याही शाखेच्या मुलाला करता येते. एएनएम दोन वर्षांचे. या प्रवेशांना वय १७ पूर्ण हवे. काही शाळांत तर नववीपासूनच ‘हेल्थ केअर’ हा व्यवसाय विषय घेता येतो, हे आम्हालाही नवीन होते. पालकांचे प्रश्न मात्र दोनच होते. फी किती? आणि बाहेर जाता येते का? बाहेर म्हणजे आखातात, इंग्लंडला, आताशा जर्मनीला. त्या प्रश्नाला आम्ही नावे ठेवत नाही. या गावातली कितीतरी पक्की घरे बाहेरून आलेल्या पैशावरच उभी आहेत, आणि चर्चच्या छपरालाही तो पैसा लागला आहे.

मुले मोठ्यांसमोर तोंड उघडत नाहीत म्हणून आम्ही चिठ्ठ्यांसाठी एक खोके ठेवले होते. पंधरा-वीस चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक वाचली आणि ती मोठ्याने न वाचता खिशात ठेवली. मजकूर साधारण असा होता: फादर, सगळे म्हणतात नर्सच्या अंगी सेवाभाव पाहिजे. मला तो नाही. आजारी माणसांजवळ बसायला मला आवडत नाही, औषधांचा वास सहन होत नाही. पण घरात पैशांची गरज आहे आणि नर्सला नोकरी मिळते. मी पगारासाठी नर्स झाले तर चालेल का, की ते पाप आहे?

पुढे दोन आठवड्यांनी मिस्सानंतर ती मुलगी आपण होऊन आम्हाला भेटली. हे लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. कोण आहे याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.

आमच्या जिभेवर पहिले उत्तर तयार होते. वीस वर्षे प्रवचने केल्यावर अशी उत्तरे आपोआप तयार असतात. ‘बाळ, नर्सिंग ही नोकरी नव्हे, ते पाचारण आहे. पाचारण नसेल तर या वाटेला जाऊ नये.’ ऐकायला छान वाटते. पण त्या रात्री हे उत्तर आम्हाला गिळवेना, कारण आमचीच एक जुनी गोष्ट आठवली.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत आम्हाला महिनाभर एका रुग्णालयात सेवेसाठी पाठवले होते. पुरुषांच्या वॉर्डात अर्धांगवायूचा झटका आलेले एक आजोबा होते. ओठ कोरडे पडलेले, शब्द फुटत नव्हता, पण डोळ्यांनी आणि चांगल्या हाताने ते पाणी मागत होते. आमचे काळीज हलले. तहानलेल्याला पाणी देणे म्हणजे प्रभूलाच पाणी देणे, हे त्याच सकाळी मनन केले होते. आम्ही त्यांची मान उचलली आणि पेल्याने पाणी पाजले. दुसऱ्या घोटाला ते गुदमरले. खोकला येईना, चेहरा काळानिळा पडू लागला. एक परिचारिका धावत आली, तिने आम्हाला कोपराने बाजूला सारले, त्यांना कुशीवर वळवले आणि मशीनने घशातले पाणी ओढून काढले. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे गेली असतील. आजोबा वाचले. मग तिने खाटेच्या पायथ्याची पाटी दाखवली. तिच्यावर तीन अक्षरे होती, एनबीएम. तोंडाने काही देऊ नये. झटका आलेल्या माणसाची गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते, म्हणून गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय घोटभरही द्यायचे नसते. ती म्हणाली, “ब्रदर, दया येते ते चांगले आहे. पण आधी पाटी वाचा.”

त्या वॉर्डात त्या वेळी सर्वांत जास्त कळवळा कोणाला आला होता, तर आम्हाला. आणि माणूस मारायला निघालो होतो आम्हीच. त्या परिचारिकेच्या मनात आजोबांविषयी काय होते हे आम्हाला ठाऊक नाही. बहुधा विशेष काही नसावे. महिनाअखेर होती, तिची लागोपाठ दुसरी पाळी होती, आणि सकाळीच तिचे पगारावरून ऑफिसात भांडण झाले होते.

तेव्हापासून चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचताना आमची नजर वेगळ्या ठिकाणी अडते. संत लूकच्या १०व्या अध्यायात प्रभू सांगतो की शोमरोन्याला कळवळा आला. तेथे आपण थांबतो आणि प्रवचन सुरू करतो. पण कळवळ्यानंतर त्याने काय केले ते पाहा. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. द्राक्षारसाने जखम धुवायची, तेलाने आग शमवायची, हा त्या काळचा उपचार होता. तो त्याला ठाऊक होता आणि साहित्य त्याच्यापाशी होते. जखमी माणसाला जनावरावर बसवणे हेही सोपे काम नाही, कोणाही वॉर्डबॉयला विचारा. शोमरोन्याला हे काहीच येत नसते आणि तो नुसता रडत बसला असता, तर तो माणूस रस्त्यावरच मेला असता.

आणि दाखल्यात आणखी एक माणूस आहे. त्याच्यावर प्रवचन ऐकल्याचे आम्हाला आठवत नाही, आम्ही केलेलेही नाही. उतारशाळेचा मालक. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला, त्याला त्याचे काम होते. त्यानंतर त्या जखमी माणसाचे कपडे कोणी बदलले, त्याला पेज कोणी भरवली, पट्ट्या कोणी सोडवल्या? उतारशाळेच्या मालकाने, किंवा त्याने लावलेल्या माणसाने. त्याला चांदीची दोन नाणी मिळाली होती आणि वरखर्च परतताना देण्याचे वचन मिळाले होते. म्हणजे पगारी माणूस. प्रभूने त्याला दाखल्यातून वगळले नाही. त्याने पैसे नाकारले असे दाखवून त्याला थोरही केले नाही. त्याच १०व्या अध्यायात थोडे आधी प्रभू शिष्यांना सांगतो की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळणे योग्य आहे. शोमरोन्याच्या दयेला पगारी हातांची जोड नसती तर ती एका दिवसात संपली असती.

पगार घेऊन केलेली शुश्रूषा कमी दर्जाची नाही, एवढे तर ठरले. पण मुलीचा प्रश्न याहून अवघड आहे. ती म्हणते, मला आतून काही वाटतच नाही. आतून न वाटता केलेले चांगले काम खरोखर चांगले असते का?

सेमिनरीत या प्रश्नावर आम्ही एक परीक्षा दिली आहे, मार्क बरे पडले होते. इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५च्या आपल्या ग्रंथात एका दयाळू माणसाची कल्पना केली आहे. स्वतःच्या दुःखाने त्याचे मन इतके काळवंडते की दुसऱ्याच्या दुःखाने ते हलत नाही. तरीही केवळ कर्तव्य म्हणून तो उठतो आणि मदत करतो. कान्ट म्हणतो, खरे नैतिक मोल याच कृतीला आहे. ज्याला मदत करण्यात मौज वाटते त्याने मदत केली, त्यात त्याचे काय विशेष? आमच्या चिठ्ठीवालीला कान्टने हसत हसत प्रवेश दिला असता.

यावर १९७६ साली मायकल स्टॉकर यांनी घेतलेला आक्षेपही प्रसिद्ध आहे, आणि तो रुग्णालयातलाच आहे. तुम्ही बरेच दिवस आजारी आहात. मित्र भेटायला येतो. तुम्हाला आनंद होतो, तुम्ही आभार मानता. तो म्हणतो, छे, आभार कसले, कर्तव्य म्हणून आलो. तुमचा चेहरा उतरतो. बिछान्यावर पडलेल्या माणसाला हे फार लवकर कळते. आमच्या रुग्णभेटींत एका आजीने तक्रार केली होती, “सून सगळं करते फादर, पण माझ्याकडं बघत नाय.” तेव्हा निव्वळ कर्तव्यावर भागत नाही, हेही खरे.

या पेचातून आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांनी वाट दाखवली. त्यांनी दयेचे दोन अर्थ वेगळे केले आहेत. एक दया म्हणजे भावनेचा उमाळा. दुसऱ्याचे दुःख पाहून पोटात कालवते, ती. ही आपल्या हातात नसते; एखाद्याला लवकर येते, एखाद्याला येत नाही. दुसरी दया इच्छाशक्तीची आहे. समोरच्याचे दुःख मला नको आहे, ते दूर व्हावे असे मी ठरवतो, आणि विवेकाने त्याप्रमाणे वागतो. सद्गुण म्हणायचे ते या दुसरीला. पाणी पाजताना आमच्यापाशी पहिली भरपूर होती. कोपराने ढकलणाऱ्या परिचारिकेपाशी दुसरी होती.

आणि ही दुसरी दया सवयीने येते. ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे की बांधून बांधून माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागून वागून न्यायी होतो. आधी पूर्ण गवंडी होऊन मग पहिली वीट ठेवतो, असे कोणी करत नाही. आपण मात्र पंधरा वर्षांच्या मुलीला विचारतो, तुझ्यात सेवाभाव आहे का? जणू तो रक्तगटासारखा जन्मतः ठरलेला असतो.

परिचारिकांचे आश्रयसंत संत कमिलस द लेलिस यांची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. ते सैनिक होते, जुगारी होते, पायाला न भरणारी जखम होती. १५७१मध्ये ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात गेले ते स्वतःच्या पायावर उपचार करून घ्यायला. तेथेच नोकर म्हणून राहिले. सेवाभाव तर दूरच, पत्ते आणि भांडणे यांमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे जुगारात ते अंगावरच्या सदऱ्यापर्यंत सगळे हरले. १५७५मध्ये मन पालटले. मग त्याच रुग्णालयात ते परत आले, रुग्णसेवक झाले, पुढे व्यवस्थापक झाले. भाड्याचे सेवक रुग्णांची हेळसांड करतात हे त्यांना सलू लागले, आणि त्यातून लाल क्रूस लावणाऱ्या रुग्णसेवकांचा संघ उभा राहिला. संसर्गाचा, मरणाचा धोका पत्करूनही आजाऱ्याची सेवा करू, असे व्रत त्यांचे संघबंधू आजही घेतात. १५७१ साली कमिलसची मुलाखत घेऊन ‘पाचारण आहे का’ असे आम्ही विचारले असते, तर उत्तर काय आले असते? पायाची जखम १६१४मध्ये मरेपर्यंत भरली नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. अरुणा शानबाग तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. भरवले, धुतले-पुसले, कूस बदलली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११च्या निकालात या परिचारिकांचे मनापासून कौतुक केले. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर होऊ दिला गेला नाही, याची नोंद झाली. ज्याने घरी खाटेवरचा माणूस सांभाळला आहे त्याला या एका वाक्याचे वजन कळेल. दर दोन तासांनी कूस, दिवसा आणि रात्री, चार दशके.

या परिचारिकांपैकी शेवटच्या काळातल्या कित्येक जणी १९७३मध्ये जन्मल्याही नव्हत्या. त्यांनी अरुणाताईंना हसता-बोलताना पाहिले नव्हते. त्या पगारी नोकर होत्या, हजेरीपटावर सही करून वॉर्डात जात होत्या. प्रत्येकीच्या मनात प्रत्येक रात्री उमाळा दाटून येत असेल असे आम्ही मानत नाही. दोन वाजले, कूस बदलायची, एवढेच. पण दोन वाजता त्या उठत होत्या.

तेव्हा चिठ्ठीला आमचे उत्तर असे: पगारासाठी नर्स होणे हे पाप नाही. आत शिरताना तुझा हेतू काय, यापेक्षा आत शिरल्यावर तू काय कबूल करतेस हे मोठे आहे. पगार घेतला की वचन दिले गेले. रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना, सात नंबरचा बेड हा सात नंबरचा बेड आहे की कोणाचा तरी बाप आहे, हे विसरायचे नाही. ते विसरलीस तर मात्र आमच्याकडे पापनिवेदनाला ये. आणि विसरणाऱ्यांत ‘सेवाभावी’ माणसेही असतात, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगतो. रुग्णाभ्यंग देताना आमचे लक्ष घड्याळाकडे गेलेले आहे.

आता थोडे पालकांशी. २०२४मध्ये नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांवर मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. म्हणजे बहुतेकांना दुसरी वाट धरावी लागणार हे आधीच ठरलेले असते. पण आपल्या घरांत काय बोलतात? ‘डॉक्टर नाही तर निदान नर्स तरी.’ हे ‘निदान’ आणि ‘तरी’ मुलगी आयुष्यभर पाठीवर वाहते, आणि एखादे दिवशी ते रुग्णाच्या अंगावर उतरते. मुलगा नर्सिंगला जातो म्हणाला तर घरात सुतक. ज्या समाजात कमिलसची चित्रे वाटली जातात त्या समाजात हे शोभत नाही.

आणि थोडे आमच्यासारख्यांशी, जे संस्था चालवतात त्यांच्याशी. ‘सेवा’ हा शब्द आम्ही फार वापरतो, आणि अनेकदा तो पगार कमी ठेवण्यासाठी वापरला जातो. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार असू नये अशी शिफारस केली. आपल्या धर्मग्रामातल्या मुली हॉलमध्ये जे आकडे सांगत होत्या ते ऐकून आम्ही मान खाली घातली. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली न्याय्य मजुरीविषयी जे लिहिले ते ख्रिस्ती संस्थांनाही लागू आहे. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला ‘ही तर सेवा आहे’ असे सांगून नाणी खिशात ठेवली नाहीत. पोरींच्या सुरक्षेचेही तेच. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर ड्युटीवर असताना अत्याचार होऊन तिचा खून झाला. १९७३ आणि २०२४ यांत ५० वर्षांहून अधिक अंतर आहे. रात्रपाळीला मुलीला पाठवणाऱ्या आईला ‘प्रभूवर विश्वास ठेवा’ एवढेच सांगणे आम्हाला जमत नाही. झोपायला कुलूप लागणारी खोली आहे का, घरी सोडायला गाडी आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा.

मुलांच्या तयारीविषयी एक छोटी सुरुवात आपण केली आहे. पहिल्या शुक्रवारी आम्ही घरी अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन घेऊन जातो. आता आमच्याबरोबर नववी ते अकरावीची दोन मुले आणि आपल्या परिचारिकांपैकी एकजण येते. मुलांनी आधी फक्त पाहायचे, मग विचारून हात लावायचा. टाचांवर आणि माकडहाडावर लाली दिसते का, उशी कुठे ठेवायची, पेला तोंडाशी नेण्याआधी काय पाहायचे. रुग्णाचे नाव विचारायचे आणि पुढच्या खेपेला ते लक्षात ठेवायचे. घरच्यांची हरकत असेल तर दाराबाहेर थांबायचे.

गेल्या खेपेला ती चिठ्ठीवाली आली होती. एका मावशींच्या पाठीवरची जखम उघडली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मावशींच्या नातवाने तिला पाणी आणून दिले. पाच-सात मिनिटांनी ती आत आली आणि काही न बोलता तिने ट्रे धरला, जखम बांधून होईपर्यंत धरून ठेवला. हात थरथरत होता. निघताना मावशींनी तिचे नाव विचारले.

सीईटीचा फॉर्म भरायचा की नाही हे तिने अजून ठरवलेले नाही. बँकिंगचाही विचार चालू आहे म्हणते. पुढच्या पहिल्या शुक्रवारी किती वाजता निघायचे, एवढे विचारून गेली आहे. सकाळी साडेसातला, मिस्सानंतर लगेच. ज्यांना मुलांची नावे द्यायची आहेत त्यांनी रविवारपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावीत. मुलांना दोन तास उभे राहता येईल असे पायताण घालून पाठवावे.

आपले प्रमुख धर्मगुरू